शिक्षकांचे शिक्षक : गणिती फेलिक्स क्लाइन

(ले. एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक)

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा तो पुरुष आपल्या ज्ञातीतील असतो, निदान आपल्या प्रांतातील तरी असतो. यंदा संपादक मंडळाने हे काम मजवर सोपविले, तेव्हा मी सुचविलेले नाव ऐकून मंडळातील काही वडीलधारी मंडळी चकित झाली. ज्याचे चरित्र मी लिहिणार होतो तो मनुष्य ना आपल्या ज्ञातीचा, ना धर्माचा, ना देशाचा. परंतु आपल्या ज्ञातीत दर दहा घरांमागे एखादा तरी शिक्षक निघेल आणि ज्या घरी शिक्षक नाही त्या घरी शाळेत जाणारे मूल तर खासच असेल. शिक्षक हीसुद्धा एक ज्ञातीच आहे असे मानले, तर त्या ज्ञातीचा गेल्या दीडशे वर्षांतील एक मोठा कुलपुरुष म्हणून जर्मनीतील गणिती फेलिक्स क्लाइन यांचे नाव घ्यावे लागेल. शिवाय ह्या पुरुषाचे एक ऋण माझ्या माथ्यावर आहे. ते कोणते हे योग्य स्थळी सांगेन.

क्लाइन यांचा जन्म जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ ह्या गावी २५ एप्रिल १८४९ रोजी झाला. ही तारीख गणिती मनुष्यास शोभावी अशीच आहे. २५ हा ५ चा वर्ग, एप्रिल हा चौथा महिना म्हणजे २ चा वर्ग आणि १८४९ हा ४३ चा वर्ग. ५, २ आणि ४३ ह्या तिन्ही मूळ संख्या. वडील प्रशियाच्या सरकारी नोकरीत होते. घरात शिस्त, काटकसर व कर्तव्यनिष्ठा यांचे राज्य होते. फेलिक्सचे शिक्षण गावातील जुन्या वळणाच्या शाळेत झाले. तेथे लॅटिन व ग्रीक ह्या भाषांचा दिवसरात्र घोष चाले आणि गणित व सृष्टिशास्त्र यांना मागच्या बाकावर जागा मिळे. आपल्याकडे एकेकाळी पाठशाळेत अमरकोश व रूपावली यांचे जे स्थान होते, तेच तेथे लॅटिन व्याकरणाचे होते. ह्या एकांगी शिक्षणाची उणीव त्यांच्या मनात बालपणीच घर करून राहिली असावी, कारण पुढील सर्व आयुष्यभर ती भरून काढण्याचा उद्योग त्यांनी केला.

सोळा वर्षे पुरी होऊन काही महिनेच झाले होते, तोच ते बॉन येथील विद्यापीठात दाखल झाले. पदार्थविज्ञानाचा अभ्यास करावा असा त्यांचा मानस होता. तेथे प्ल्यूकर ह्या प्राध्यापकांनी त्यांस आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस नेमले. हे प्ल्यूकर पदार्थविज्ञान व भूमिती ह्या दोन्ही विद्यांत पारंगत होते. १८६८ साली गुरूंचे निधन झाले आणि त्यांचा भूमितीवरील अपुरा ग्रंथ पुरा करण्याचे काम ह्या कोवळ्या शिष्याच्या अंगावर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लाइन यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. प्रयोगशाळेत हाताने काम करण्याची जी सवय प्ल्यूकरांनी लावली, तिच्यामुळे गणित म्हणजे केवळ कागदावरील चिन्हांचा खेळ, ही समजूत त्यांच्या मनाला कधी शिवली नाही.

१८७० साली सोफुस ली ह्या नॉर्वेजियन मित्रासह ते पॅरिसला गेले. दोघे तरुण, दोघे विद्येने भारलेले. त्या काळी फ्रेंच गणिती एका नव्या कल्पनेची मांडणी करीत होते. तिला आज गट असे म्हणतात. ती कल्पना दोघांनी आत्मसात केली. परंतु जुलै महिन्यात फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले आणि क्लाइन यांस तातडीने मायदेशी परतावे लागले. मागे राहिलेल्या ली यांस फ्रेंचांनी हेर समजून अटक केली. क्लाइन स्वतः जखमी सैनिकांच्या शुश्रूषेच्या कामावर रुजू झाले आणि तेथे विषमज्वराने अंथरुणास खिळले. बरे झाल्यावर गॉटिंगेन येथे त्यांनी अध्यापनास प्रारंभ केला.

१८७२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एरलांगेन विद्यापीठाने त्यांस पूर्ण प्राध्यापक नेमले. त्या प्रसंगी त्यांनी जो निबंध छापून सादर केला, तो पुढे एरलांगेनचा कार्यक्रम ह्या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्यातील विचार सामान्य वाचकास असा सांगता येईल. कागदावरचा त्रिकोण उचलून दुसरीकडे ठेवला, फिरविला, तरी त्याच्या बाजूंची लांबी बदलत नाही. शाळेतील भूमिती ही अशा न बदलणाऱ्या गोष्टींचा अभ्यास होय. परंतु दिव्यासमोर त्रिकोण धरून त्याची सावली तिरप्या भिंतीवर पाडली, तर लांबी बदलते, कोनही बदलतात, मात्र सरळ रेषा सरळच राहते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या बदलात जे टिकून राहते त्याची भूमिती निराळी. सारांश, कोणते बदल करू द्यावयाचे हे ठरविले, की कोणती भूमिती हे ठरते. एकमेकींपासून दूर गेलेल्या अनेक भूमिती ह्या एका सूत्राने त्यांनी ओवल्या.

आता जी गोष्ट सांगतो ती फार थोड्यांस ठाऊक असते. निबंध हा लेखी होता. त्याच सालच्या ७ डिसेंबर रोजी प्राध्यापकपद स्वीकारताना क्लाइन यांनी जे भाषण केले, ते त्या निबंधावर नव्हतेच. ते होते गणिताच्या शिक्षणावर. भाषा व वाङ्मय शिकलेले लोक एका बाजूस आणि शास्त्र शिकलेले लोक दुसऱ्या बाजूस, अशी सुशिक्षित समाजाची फाळणी होत आहे, ह्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. आणि शाळांतील गणित सुधारावयाचे तर आधी शिक्षक चांगला तयार केला पाहिजे, असे प्रतिपादन केले. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचे बीज त्या भाषणात पडलेले दिसते.

ह्यानंतर १८७५ साली ते म्यूनिक येथील तंत्रशिक्षणाच्या विद्यालयात गेले. त्याच वर्षी प्रख्यात तत्त्वज्ञ हेगेल यांची नात ॲना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. म्यूनिक येथे त्यांनी व त्यांचे सहकारी ब्रिल यांनी भूमितीच्या आकृतींच्या प्रतिकृती बनवून घेतल्या. विद्यार्थ्याने पृष्ठभाग डोळ्यांनी पाहावा, हाताने चाचपावा, हा त्यातील हेतू. १८८० साली लाइपझिग येथे त्यांची नेमणूक झाली आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील कठीण प्रसंग ओढवला. फ्रान्समध्ये प्वाँकारे नावाचा त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान असा विलक्षण बुद्धीचा गणिती त्याच विषयावर संशोधन करीत होता. दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला व त्याबरोबर चढाओढही. १८८२ च्या मार्च महिन्यात समुद्रकाठच्या एका बेटावर क्लाइन विश्रांतीसाठी गेले असता दम्याने झोप येईना, म्हणून रात्रभर बैठकीवर बसून होते; आणि रात्री अडीचच्या सुमारास त्यांस आपल्या आयुष्यातील एक श्रेष्ठ प्रमेय सुचले. परंतु त्या अतिश्रमाची किंमत भारी पडली. त्या वर्षाच्या शरद ऋतूत त्यांची प्रकृती ढासळली, मन खचले. त्यातून ते उठले खरे, पण पहिल्या प्रतीच्या नवनिर्मितीचा आपला काळ संपला, हे त्यांनी स्वतःच ओळखले. तेव्हा त्यांचे वय होते केवळ तेहतीस.

वाचकहो, थोर पुरुषाची परीक्षा अशाच वेळी होते. ज्या शिखरासाठी जन्म घातला तेथे आता आपण पोचणार नाही, हे कळल्यावर कित्येक माणसे कडवट होतात, कित्येक गतवैभवाच्या गोष्टी सांगत बसतात. क्लाइन यांनी तसे केले नाही. १८८६ साली ते गॉटिंगेन येथे आले आणि आपली सारी शक्ती त्यांनी दुसऱ्यांस मोठे करण्याकडे वळविली. तेथे सर्वांस मुक्तद्वार असलेले गणिताचे वाचनालय उभारले. १८९५ साली हिल्बर्ट यांस तेथे आणविले. आपल्याहून श्रेष्ठ ठरेल अशा मनुष्यास आपल्याच शेजारी आणून बसविणे, हे औदार्य विद्वानांतही सुलभ नाही. त्याच साली ग्रेस चिझम ह्या इंग्लंडमधून आलेल्या विद्यार्थिनीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टर ही पदवी मिळविली. रीतसर परीक्षा देऊन प्रशियाच्या विद्यापीठाची ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या काळी तेथील स्त्रियांस विद्यापीठात सरसकट प्रवेशही नव्हता. तो १९०८ साली मिळाला.

आता मुख्य विषयाकडे वळू. त्या काळच्या जर्मन शाळांत गणित शिकविले जाई, परंतु ते दोनशे वर्षे जुने. बीजगणित, युक्लिडची भूमिती, त्रिकोणमिती, आणि तेथेच पूर्णविराम. न्यूटन व लाइबनिझ यांनी सतराव्या शतकात शोधलेले कलनशास्त्र शाळेच्या उंबरठ्याबाहेरच होते. इकडे देशात कारखाने, रेल्वे, वीज यांची झपाट्याने वाढ होत होती. अभियंते तक्रार करीत की विद्यापीठांतले गणित आम्हांस निरुपयोगी आहे, ते कमी करा. १८९० नंतर तर अभियंत्यांनी गणिताविरुद्ध चळवळच उभारली. एका बाजूस शुद्ध गणिताचे सोवळे पाळणारे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूस चिडलेले अभियंते, आणि मध्ये शाळेतील शिक्षक. त्याला कोणीच विचारीत नव्हते.

क्लाइन यांनी नेमके ह्या मधल्या माणसाकडे पाहिले. त्यांच्या ध्यानात आले ते असे, की शिक्षकास आयुष्यात दोन वेळा विसरावे लागते. शाळा सोडून तो विद्यापीठात जातो तेव्हा तेथील विषय इतके निराळे असतात, की शाळेतले गणित विसरल्यासारखेच होते. पुढे पदवी घेऊन तो शिक्षक म्हणून शाळेत परततो, तेव्हा विद्यापीठात शिकलेल्याचा वर्गात काही उपयोग दिसत नाही. मग तो आपल्या लहानपणीच्या मास्तरांनी जसे शिकविले तसेच शिकवू लागतो. मधली चार-पाच वर्षे पाण्यात जातात आणि शाळा शंभर वर्षे जागच्या जागी राहते. ह्यात शिक्षकाचा आळस नाही, की बुद्धीची उणीव नाही. दोन घरांमध्ये दारच ठेवलेले नाही, हा दोष आहे. ते दार पाडण्याचे काम क्लाइन यांनी अंगावर घेतले.

प्रथम त्यांनी सुटीच्या दिवसांत शाळाशिक्षकांसाठी गॉटिंगेन येथे वर्ग भरविण्यात पुढाकार घेतला. १८९५ साली गणित व सृष्टिशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांच्या संस्थेची सभा गॉटिंगेनला भरली, तेव्हा त्यांनी सभासदांस भेट म्हणून एक लहानसे पुस्तक अर्पण केले. कोनाचे तीन समान भाग करणे, घन दुप्पट करणे आणि वर्तुळाएवढा चौरस काढणे हे तीन प्राचीन प्रश्न केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने का सुटत नाहीत, हे त्यात उलगडून दाखविले आहे. ह्या पुस्तकाचा आपल्या देशाशी एक धागा आहे, तो अभिमानाने सांगावासा वाटतो. मद्रासेकडील टी. सुंदर राव ह्या गृहस्थांनी कागदाच्या घड्या घालून भूमिती शिकविण्याचे एक पुस्तक १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केले होते. बालोद्यानातील मुलांच्या कागदकामावरून त्यांस ही युक्ती सुचली. क्लाइन यांनी आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. क्लाइन यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांचे लक्ष त्यामुळे तिकडे गेले आणि १९०१ साली शिकागो येथे त्या हिंदी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. भूमितीचा जगन्मान्य पंडित एका दूरच्या देशातील, मुलांच्या खेळावरून सुचलेले पुस्तक आदराने वाचतो, ह्यातच त्याची शिक्षणावरील निष्ठा दिसून येते.

१८९८ साली प्रशियात शिक्षकांच्या परीक्षेचे नियम बदलले व उपयोजित गणित, म्हणजे वर्णनात्मक भूमिती, तांत्रिक यामिकी, भूमापन इत्यादी, हा स्वतंत्र विषय त्यात आला. ह्यामागेही क्लाइन यांचे प्रयत्न होते. १९०० साली बर्लिन येथील शिक्षण परिषदेत ते सहभागी झाले आणि त्याच वर्षी लॅटिनप्रधान शाळा व शास्त्रप्रधान शाळा यांना राजाज्ञेने समान दर्जा मिळाला. १९०५ साली मेरान येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात गणिताचा नवा अभ्यासक्रम सादर झाला. समितीचे अध्यक्ष गुत्समेर हे होते, पण तिचा आत्मा क्लाइन हेच होते. ह्या अभ्यासक्रमात दोन गोष्टींवर भर होता. पहिली, मुलांची अवकाशाची कल्पना डोळस व्हावी. आणि दुसरी, एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते हे पाहण्याची त्यांच्या मनाला सवय लागावी.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची असल्याने थोडा विस्तार करतो. चौरसाची बाजू ३ तर क्षेत्रफळ ९, हे जुने गणित. बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल, तिप्पट केली तर किती, आणि ह्या वाढीचा आलेख काढला तर रेषा सरळ येईल की वाकडी, हे नवे गणित. पहिल्यात उत्तर मिळते व मूल थांबते. दुसऱ्यात उत्तरातून प्रश्न निघतो. क्लाइन यांचे म्हणणे असे, की ही दृष्टी खालच्या इयत्तांपासून हळूहळू रुजवीत नेली, तर वरच्या इयत्तेत कलनशास्त्राची ओळख मुलास बागुलबुवा वाटणार नाही. ते झाडाला फळ यावे तसे आपोआप हाती येईल.

अभ्यासक्रम कागदावर आला, पण त्याने वर्ग बदलत नाही, हे क्लाइन जाणून होते. शिक्षकांच्या मनात शंका होत्या, भय होते. जे आपण कधी शिकविले नाही ते कसे शिकवावे? आधीच ओझे काय कमी आहे? ह्या शंकांची त्यांनी हेटाळणी केली नाही. १९०७ साली शिमाक ह्या तरुण शिक्षकाच्या साहाय्याने त्यांनी माध्यमिक शाळांतील गणिताच्या अध्यापनावर व्याख्याने प्रसिद्ध केली. लगेच १९०७-०८ च्या हिवाळ्यात व पुढील उन्हाळ्यात, भावी शिक्षकांसाठी त्यांनी जी व्याख्याने दिली, ती हेलिंगर यांनी लिहून घेतली. उच्च भूमिकेवरून प्राथमिक गणित, असे त्या ग्रंथाचे नाव. पहिला भाग १९०८ साली अंकगणित, बीजगणित व कलन यांवर, दुसरा १९०९ साली भूमितीवर. शाळेतील प्रत्येक धडा घ्यावयाचा, त्याच्यामागे उच्च गणित कोठे दडलेले आहे ते दाखवावयाचे, आणि मग शिक्षकास पुन्हा त्याच्या वर्गात आणून सोडावयाचे, अशी त्याची रीत आहे. लॉगरिदम शिकवावयाचे तर केवळ कोष्टक देऊ नका, एका वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ म्हणून ते दाखविता येते, असे त्यात सांगितले आहे. हाताने फिरवावयाचे गणनयंत्र त्या काळी नवे होते. त्याचे दाते कसे फिरतात ते समजावून देऊन, वरच्या वर्गातील प्रत्येक मुलाने हे यंत्र एकदा तरी चालताना पाहावे, अशी इच्छाही त्यांनी प्रकट केली आहे.

आता त्या ऋणाची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेतली व एका खेड्यातील शाळेत लागलो. सातवीच्या वर्गास ऋण संख्यांचा गुणाकार शिकवीत होतो. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असे फळ्यावर लिहिले. एक शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला व त्याने विचारले, गुरुजी, दोन कर्जांचा गुणाकार केला तर पैसा कसा होईल? वर्ग हसला. मला उत्तर ठाऊक नव्हते. पुस्तकात नियम होता, कारण नव्हते. प्रशिक्षणात उदाहरणे होती, कारण नव्हते. मी काहीतरी शब्दांची जुळवाजुळव करून सिद्धता दिल्याचा आव आणला. मुलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी त्यास उद्धट ठरवून तासभर बाकावर उभे केले. पुढे त्या मुलाने माझ्या वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. वर्ग शांत झाला, म्हणून मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली.

निवृत्तीनंतर माझ्या भाच्याने मला क्लाइन यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आणून दिले. शब्दकोश जवळ ठेवून मी ते वाचीत होतो, आणि एका पानावर माझे बोट थांबले. तेथे हाच नियम होता. ह्या नियमाची सिद्धता देता येत नाही, जुन्या संख्यांचे नियम नव्या संख्यांनाही लागू राहावेत म्हणून आपण तो स्वीकारतो, आणि जी सिद्धता नाही ती असल्याचा आव शिक्षकाने कधीही आणू नये, असा त्या विवेचनाचा आशय होता. त्या धर्तीवर मी स्वतःच एक उदाहरण करून पाहिले. ५ उणे २ म्हणजे ३, आणि ४ उणे १ म्हणजे ३. त्यांचा गुणाकार ९. आता कंस सोडवून करू. ५ चोक २०. त्यातून ५ एके ५ वजा, उरले १५. त्यातून २ चोक ८ वजा, उरले ७. परंतु उत्तर तर ९ पाहिजे. म्हणून ऋण २ व ऋण १ यांचा गुणाकार धन २ धरला, तरच हिशेब जुळतो. कर्जाचा येथे संबंध नाही. हिशेबाची घडी मोडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. सातवीच्या मुलास दहा मिनिटांत समजेल अशी ही गोष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो पृथ्वीवरील थोर गणित्यांच्या पंगतीत बसणारा प्रश्न होता. मला ठाऊक नाही, आपण दोघे मिळून शोधू, एवढेच जर मी त्या दिवशी म्हटले असते! हे पुस्तक मला तिशीत कोणी दिले असते, तर एक मूल गणितास अंतरले नसते.

असो. चरित्राचा धागा पुन्हा हाती घेतो. १९०८ साली रोम येथे गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. गणिताच्या अध्यापनाचा देशोदेशी अभ्यास व्हावा म्हणून तेथे एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद क्लाइन यांस देण्यात आले. त्याच वर्षी ते प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून गेले. परंतु प्रकृती साथ देईना. १९१३ च्या सुमारास ते अध्यापनातून निवृत्त झाले आणि १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे चरित्रकारास शोभणार नाही. युद्धारंभी जर्मनीच्या कृत्यांचे समर्थन करणारे जे पत्रक त्र्याण्णव विद्वानांच्या सह्यांनी निघाले, त्यावर क्लाइन यांचीही सही होती. ज्या फ्रान्समध्ये तारुण्यात विद्या मिळविली, तेथील विद्वत्परिषदेने त्यांस आपल्या सभासदत्वातून काढून टाकले. आंतरराष्ट्रीय समितीचे कामही विस्कळीत होऊन १९२० साली ती बंद पडली. चंद्रावरील डाग चंद्र झाकून टाकीत नाही, पण तो आहे हे म्हणावे लागतेच. युद्धाच्या धामधुमीत क्लाइन आपल्या घरी मोजक्या श्रोत्यांस एकोणिसाव्या शतकातील गणिताचा इतिहास सांगत होते. एम्मी नेथर ह्या थोर विदुषीस गॉटिंगेनला बोलावण्यात हिल्बर्ट यांच्याबरोबर त्यांचाही हात होता.

२२ जून १९२५ रोजी गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय शहात्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी प्रशियाच्या शाळांच्या नव्या अभ्यासक्रमात कलनशास्त्राचा अधिकृतपणे समावेश झाला. मेरानच्या योजनेनंतर तब्बल वीस वर्षांनी! बीज पेरणाऱ्याने पीक पाहिले ते असे अखेरच्या घटकेस. ते बंद पडलेले आंतरराष्ट्रीय कार्य १९२८ साली पुनरपि सुरू झाले, १९५२ साली त्याची नव्याने स्थापना झाली, आणि गणितशिक्षणाच्या क्षेत्रातील आयुष्यभराच्या कार्यासाठी २००३ सालापासून ह्या संस्थेतर्फे फेलिक्स क्लाइन यांच्या नावाचे पदक दिले जात आहे.

हे सारे आज येथे सांगण्याचे कारण काय? मी विद्यार्थी असताना, १९७० नंतरच्या काळात, नव्या गणिताची लाट आली व पुस्तकांत संच आले. आमच्या गुरुजींना ते कोणी नीट समजावून दिले नव्हते, म्हणून त्यांनी ते आमच्याकडून पाठ करून घेतले. मी शिक्षक झालो आणि दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलत गेले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीस ह्या शब्दाबरोबर वीस एक असे वाचन आले, तेव्हा केवढे वादळ उठले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. त्यामागील कारण साधे होते. आपण बोलताना एकक आधी उच्चारतो व लिहिताना दशक आधी लिहितो, त्यामुळे लहान मूल २१ च्या जागी १२ लिहिते. गंमत अशी, की क्लाइन यांच्या जर्मन भाषेतही एक आणि वीस असेच म्हणतात व तेथील मुलांचाही असाच घोटाळा होतो. वर्तमानपत्रांतून पंडित भांडले, घरोघरी थट्टा झाली. परंतु ज्या गुरुजींनी सोमवारी सकाळी फळ्यापुढे उभे राहावयाचे, त्यांना हे कारण शांतपणे कितीजणांनी सांगितले? बदल चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. ज्याच्या हातून तो व्हावयाचा, त्याला आधी विश्वासात घेतले पाहिजे, हा क्लाइन यांच्या आयुष्याचा धडा आहे.

आपल्या ज्ञातीतील तरुण शिक्षकबंधु-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे, की नवे पुस्तक हाती आले म्हणजे रागावू नका आणि भिऊही नका. त्यातील प्रत्येक नियमास एकदा का, असे विचारा. उत्तर न सापडले तर ते मुलांपुढे मोकळेपणी कबूल करा. त्याने गुरूचा मान कमी होत नाही. आणि ज्ञातीतील धनिकांना विनंती अशी, की विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी पारितोषिके देतो, त्याबरोबर शिक्षकांसाठी दोन कपाटे पुस्तकेही घ्यावीत. एका विद्यार्थ्यास दिलेले पुस्तक एका घरी जाते. शिक्षकास दिलेले पुस्तक तीस वर्षे वर्गांतून फिरते.

ज्याने स्वतःचे शिखर हुकल्यावर दुसऱ्यांसाठी पायऱ्या खोदल्या, त्या फेलिक्स क्लाइन यांच्या स्मृतीस हा साधा शिक्षक नम्रपणे वंदन करतो. आणि बाकावर उभ्या केलेल्या त्या मुलाची, तो आज जेथे असेल तेथे, ह्या स्मरणिकेच्या पानांतून क्षमा मागतो.